तळघरातला चाचणीचा फोन

मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझ्या पाठीवर कागदी पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर ‘चाचणी – दोन’ असं लिहिलेलं आहे. मित्रांनो, माझ्यावर कुणी कौतुकाने फोटो काढले नाहीत, की तासन्‌तास गप्पा मारल्या नाहीत. नवं अॅप आधी माझ्यावर चालवायचं, कुठे अडतं ते बघायचं, दुरुस्त करून पुन्हा चालवायचं, एवढंच माझं काम.

माझी मालकीण एकटीच अॅप बनवते. कंपनीतली नोकरी सोडताना तिने घरी सांगितलं होतं, वर्षभरात एक तरी अॅप पूर्ण करून लोकांच्या हातात देईन. नाही जमलं तर पुन्हा नोकरी धरीन. नऊ महिने उलटले तेव्हा माझ्यात सात अॅप होती. झाडांना पाणी घालायची आठवण करणारं एक, उसनी दिलेली पुस्तकं लक्षात ठेवणारं एक. सातही जवळजवळ झालेली. शेवटचं किचकट काम आलं की तिला हटकून नवी कल्पना सुचायची.

तिचा थोरला भाऊ जेवायला बोलवायला दारात यायचा. “काय म्हणते रोपवाटिका? एखादं रोप जमिनीत लावणार, की सगळी कुंडीतच?”

“दादा, तू जेवून घे.”

आठवी कल्पना तिच्या मावशीची. मावशी कपडे शिवते. तिचं दुकान एका इमारतीच्या तळघरात आहे. गिऱ्हाइकांची मापं ती वहीत लिहायची. नजर कमी झाल्यावर तिने एकदा एकोणचाळीसचे चौतीस वाचले आणि एक चांगला कोट वाया गेला. “मोठ्या अक्षरांत मापं दाखवणारं काहीतरी कर,” ती म्हणाली. “बाकी नाचगाणं नको.”

मालकिणीने नाचगाणं घातलंच. कापडांचे फोटो, रंगांच्या जोड्या, पानं उलटल्याचा आवाज. सहा आठवडे मी टेबलावर उभा होतो, पोटात चार्जरची वायर आणि हाताच्या अंतरावर इंटरनेटचा डबा. तिथे सगळं सुरळीत चालत होतं. टेबल सोडून मला कुठेही नेऊन बघावं, हे तिला सुचलं नाही.

मग तिने माझ्यात सिमकार्ड घातलं आणि मला मावशीच्या हवाली केलं. त्या दिवशी मावशीने चौदा गिऱ्हाइकांची मापं घेतली. प्रत्येक वेळी मी ‘जतन झालं’ असं दाखवलं. मापं इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर साठायची होती; तळघरात रेंज नव्हती, त्यामुळे एकही माप तिथे पोचलं नव्हतं. बटण दाबताक्षणीच ते शब्द दाखवायचे, असं मला शिकवलेलं होतं. संध्याकाळी मावशीने यादी उघडली. ती कोरी होती.

“माझी वही म्हातारी असेल,” मावशी म्हणाली, “पण ती खोटं बोलत नाही गं.”

दुसऱ्या दिवशी मालकिणीने नवव्या कल्पनेचं नाव टाइप केलं. बराच वेळ त्याकडे बघितलं आणि पुसलं. मग लॅपटॉप आणि मला घेऊन ती तळघरात गेली आणि इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसली.

“किती दिवस बसणार?” मावशीने विचारलं.

“इथे रेंज येईपर्यंत.”

“मग इथेच म्हातारी होशील.”

चौदा जण पुन्हा माप द्यायला आले. त्यातला बसचालक म्हणाला, “आठ दिवसांत जाडा झालो की काय मी?” मालकिणीने त्याची माफी मागितली आणि मावशीचे हात बघत राहिली. एका हातात टेप, दुसऱ्यात खडू. मापांचा क्रम कायम ठरलेला: खांदा, छाती, कंबर, बाही. टाइप करायला मोकळं असायचं फक्त एक बोट.

तीन आठवड्यांत तिने फोटो काढून टाकले, रंग काढले, आवाज काढला. राहिले ते मोठे आकडे, त्याच क्रमाने, आणि ते थेट माझ्यातच साठवलेले, म्हणजे रेंज लागतच नव्हती. माप खरोखर साठल्यावरच आता मी ‘जतन झालं’ म्हणत होतो. मुदत संपायला नऊ दिवस होते.

अॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी तिला एकच गोष्ट बघायची होती. बसचालकाच्या कोटाचं कापड टेबलावर पसरलं होतं. मावशीने मला हातभर लांब धरून आकडे वाचले. मालकिणीने ताडून बघायला वही पुढे सरकवली; या वेळी मापं तिच्यातही लिहून ठेवली होती. मावशीने ती उघडली नाही. खडूने रेघ ओढली आणि कात्री चालवली.

कापल्यावर ती म्हणाली, “तू आता वर जा. मला कामं आहेत.”

मालकीण वर रस्त्यावर आली आणि रेंज मिळताच तिने अॅप खुलं केलं. पहिल्या आठवड्यात ते अकरा जणांनी घेतलं, त्यात दादा एक. नोकरीचा अर्ज काही तिने भरला नाही.

मित्रांनो, सतत वायरीला जोडून ठेवल्याने माझी बॅटरी आता फुगली आहे. उद्या मला जुन्या फोनांच्या संकलन केंद्रात देणार आहेत. तुमच्या फोनचं पोट भरलं की वायर काढत जा. आणि कुणासाठी काही बनवलंत, तर ते टेबलावरून उचला, त्या माणसाच्या जागेवर घेऊन जा आणि तो ते वापरत असताना गप्प बसून बघा.