आजोबांचे कडू थेंब

पुंजाराम आजोबांच्या पोटाचं नाटक अख्ख्या कॉलनीला पाठ होतं. अर्धी भाकरी खाल्ली की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, मग करपट ढेकर, मग अंगणात येरझारा. डॉक्टरांच्या गोळ्या खाऊन झाल्या, काही फरक पडेना. शेवटी बुद्धविहारात येणाऱ्या यशोदाबाईंनी कुणाकडून तरी एक तपकिरी बाटली आणून दिली. काडेचिराईत, कुटकी, संत्र्याची साल, असला काहीतरी कडूजहर अर्क. जेवणाआधी अर्धा कप पाण्यात थोडे थेंब टाकायचे, आणि गटकन गिळायचं नाही, जिभेवर घोळवायचं. आजोबा डोळे घट्ट मिटून घोळवायचे आणि त्यांचं तोंड असं काही वाकडं व्हायचं की नात संजना हसून हसून खाली बसायची.

पण गुण आला, हे मानायलाच हवं. हळूहळू आजोबा दोन भाकऱ्या पचवू लागले आणि रविवारी विहारात त्यांचा आवाज पुन्हा घुमू लागला. बुद्धवंदना तेच घ्यायचे. एसटीच्या डेपोतून रिटायर झाल्यापासून त्यांचा एक रविवार चुकला नव्हता. ते म्हणणार आणि मागून सगळी कॉलनी म्हणणार. पाचवं शील दारूपासून लांब राहण्याचं. तिथे त्यांचा आवाज जरा जास्तच चढायचा, आणि तो का चढतो हे मांडी घालून बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

कारण होतं त्यांचा मुलगा, म्हणजे संजनाचे पप्पा, रवी. माणूस केमिस्ट्री शिकलेला. दोन वर्षांपूर्वी त्याने पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका वायनरीत नोकरी धरली. टाक्यांमधला द्राक्षाचा रस कसा आंबतोय ते बघायचं, वास घ्यायचा, चाखायचा, बादलीत थुंकायचा. स्वतः तो एक घोट घेत नसे. तरी आजोबांनी सांगून टाकलं, दारूच्या पगारावर जगणाऱ्याचं ताट या घरात मांडलं जाणार नाही. मी थुंकतो, असं रवी म्हणाला, तर म्हणाले, तोंडात तर जातेच ना? झालं. रवी तिकडेच खोली घेऊन राहिला. त्याची बायको राखी, तिची शाळेतली नोकरी नाशकात, सासऱ्यांचं करायलाही तीच, म्हणून मायलेकी इथे. पप्पा भेटायला आले की गाडी कॉलनीच्या कमानीखाली लावायचे आणि तिथूनच परत जायचे. संजनाला जगात एकच गोष्ट हवी होती. पप्पांनी ती कमान ओलांडून घरात यावं, बस.

आणि यंदा अकरावीत गेल्यापासून तर संजनाला भलताच जोर चढला होता. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती ना! मुद्दा बरोबर असला की समोरचा हरलाच पाहिजे, असं तिला मनापासून वाटायला लागलं होतं.

पप्पा आजोबांना दादा म्हणत. फोनवर पहिला प्रश्न नेहमी तोच विचारायचे, दादांचं पोट कसंय? त्या अर्काबद्दल ऐकल्यावर म्हणाले, थोडा घेऊन ये, बघू तरी काय देतायत त्यांना. संजनाने कानाच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन त्यात थोडा अर्क भरला आणि एसटीने पिंपळगाव गाठलं. पप्पांनी बाटली नाकाशी धरली. थेंब जिभेवर ठेवला, आणि सवयीने बेसिनमध्ये थुंकला.

"स्पिरिट आहे," ते म्हणाले. "जवळजवळ निम्मं. एवढा कडूपणा नुसत्या पाण्यात उतरत नाही."

संजना तर उडीच मारायची बाकी होती. म्हणजे आजोबा रोज दोन वेळा...

"औषध घेतात ते," पप्पा म्हणाले. "त्यांना सांगायचं नाही, संजू. जेवायला लागलेत ना? जेवू दे."

ती बरं म्हणाली. पण पोटात ठेवायचं म्हणजे किती ठेवायचं? एका रविवारी वंदना आटोपून यशोदाबाई घरी आल्या होत्या. राखी चहा गाळत होती. बोलता बोलता यशोदाबाई म्हणाल्या, पुंजारामदादा, आता पोराला बोलवा की, किती ताणायचं. आजोबा म्हणाले, घोट असो की थेंब असो, ते माझ्या घरात चालणार नाही.

संजना उभीच राहिली, स्पर्धेत राहतात तशी. आजोबा, तुमच्या बाटलीतही स्पिरिटच आहे, असं तिने खणखणीत सांगितलं. ते पाण्यात टाकलं तरी स्पिरिटच राहतं, हेही सांगितलं. यशोदाबाईंचा चेहरा पडला. त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या की मला खरंच ठाऊक नव्हतं हो, झाडपाला म्हणूनच आणलं होतं मी.

"तुमचे थेंब तर पोटात जातात," संजना म्हणाली. "पप्पांचे बादलीत जातात. मग त्यांनी का नाही यायचं?"

मुद्दा बिनतोड होता. आजोबांनी विचारलं,

"तुला कोणी सांगितलं?"

"पप्पांनी. नुसत्या एका थेंबावरून ओळखलं त्यांनी." सांगताना तिची मान ताठ झाली होती.

"कधी?"

"झाले असतील दोन-तीन आठवडे."

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे त्याला माहीत होतं. मी तिथे उभा राहून लोकांकडून शील म्हणवून घेत होतो, आणि त्याला माहीत होतं."

"आजोबा, त्यांना वाटलं, तुमचं पोट..."

"त्यानं मला पिऊ दिलं."

ते उठले, बाटली मोरीत उपडी केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. त्यानंतर त्यांच्यासमोर रवीचं नाव घ्यायची कुणाची छाती झाली नाही. पुढच्या रविवारी ते विहारात गेले ते शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. वंदना दुसऱ्या कुणीतरी घेतली. आजोबांनी ओठ हलवले, आवाज नाही. पोट पुन्हा पहिल्यासारखं झालं, नव्हे, पहिल्यापेक्षा वाईट. घास तोंडात फिरत राहायचा. रात्री संजना ताटं उचलायला लागली की अख्खी भाकरी तशीच असायची. राखी लेकीला ओरडली नाही. एकदाच म्हणाली, "जिंकलीस ना?" आणि भांडी घासायला लागली.

संजनाने पुन्हा पिंपळगाव गाठून सगळं सांगितलं, तर पप्पाही रागावले नाहीत, त्याने तर संजनाला जास्तच रडू आलं. त्यांनी काडेचिराईत रात्रभर भिजवलं, सुंठ आणि ओवा घालून आटवलं, फक्त पाण्यात. गाळून थर्मासमध्ये भरलं आणि तिला गाडीवर बसवून स्वतः नाशकात आणून सोडलं. नेहमीसारखं कमानीपर्यंतच. मी थांबतो, म्हणाले.

घरी येईपर्यंत संजनाने सगळं भाषण मनात रचून ठेवलं होतं. हे पप्पांनी केलंय, बघा, तुमच्यासाठी केलंय. आजोबा ताटावर बसले होते. गाल आत गेलेले, भाकरीला हात नाही. तिने वाटीत काढा ओतून पुढे केला. त्यांनी आधी वास घेतला.

"पाण्यातलाय?"

"पाण्यातलाय."

"कोणी केला?"

नाव अगदी जिभेवर आलं होतं. ते बाहेर पडलं असतं तर वाटी तशीच मोरीत गेली असती.

"मम्मीनं," संजना म्हणाली.

राखी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने लेकीकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं. आजोबांनी डोळे मिटून घोट घोळवला. मग भाकरीचा तुकडा मोडला.

"राखी, चांगला झालाय. रोज करत जा."

"हो मामा," राखी म्हणाली.

संजना धावत कमानीपाशी गेली. पप्पा गाडीवर बसून वाट बघत होते.

"घेतला का?"

"घेतला. भाकरी पण खातायत."

"काही म्हणाले?"

"चांगला झालाय म्हणाले. रोज करत जा म्हणाले."

पप्पांचा चेहरा असा काही उजळला की दोन वर्षांत तिने तसा पाहिला नव्हता. ते वाक्य कुणाला म्हटलं होतं, हे सांगायला तिचं तोंडच उघडेना.

"मग आजच जास्तीचं भिजवतो," म्हणत त्यांनी किक मारली आणि गाडी पिंपळगावकडे वळवली.