पुसून परत करावे

मित्रांनो, मी इंग्रजीच्या सरावाचं एक जुनं पुस्तक आहे. दारव्ह्यात आमच्या वस्तीच्या विहाराला लागून एका खोलीची अभ्यासिका आहे. तिथल्या लोखंडी कपाटात दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझी पाठ सुटली आहे, कोपरे दुमडले आहेत आणि सत्तेचाळिसाव्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. म्हातारपणी एवढं चालायचंच. पण माझी शेवटची सहा पानं, म्हणजे उत्तरांची पानं, एकदा ब्लेडने कापलेली आणि मग दाभणाने पुन्हा शिवलेली आहेत. कापणं आणि शिवणं यांच्यामध्ये जी वर्षं गेली, त्यांचीच ही हकिगत आहे.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. माझ्याबरोबर छापलेली भावंडं कुठे कुठे गेली, मला ठाऊक नाही. मला अमरावतीच्या एका दुकानातून धर्मपालकाकांनी उचललं. काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी ही अभ्यासिका काढली, कुणाकडून कपाट आणलं, कुणाकडून बाकडी. मला खाकी कव्हर घातलं आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'पेन्सिलनेच लिहावे. पुसून परत करावे.' पुस्तक एक आणि वापरणारे वीस, तेव्हा नियम चांगलाच होता. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

माझ्या पोटात उतारे आहेत, शब्दांचे अर्थ आहेत, व्याकरणाचे प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय. आमची मुलं ज्या नोकरीच्या भरतीला बसायची, तिच्यात इंग्रजी भाषेची परीक्षा सगळ्यात आधी असे. शंभरात साठ मिळाले तर पुढचे पेपर, नाहीतर घरचा रस्ता. मुलं चलाख. आधी मागची उत्तरं पाहायची आणि मग विचार केल्यासारखं तोंड करून खुणा करायची. काकांनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी ब्लेड घेऊन माझी ती सहा पानं कापली. मला दुखलं, पण काकांचा राग नाही आला. ती पानं त्यांनी आपल्या ड्युटीच्या काळातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. संध्याकाळी पेटी उघडायची, बोट ठेवून एकेकाची उत्तरं तपासायची आणि चुकलेल्याला पुन्हा उतारा वाचायला लावायचा, असा त्यांचा क्रम झाला.

अशात राजदीप आला. पोरगा हुशार होता, पण त्याला भारी घाई. पान उलटताना बोटाला थुंकी लावायचा, ते मला मुळीच आवडत नसे. उताऱ्याच्या दोन ओळी वाचायचा आणि खूण करून मोकळा व्हायचा. खूणही मऊ पेन्सिलने अशी काळी फासून करायचा की लांबूनही दिसावी. त्या वर्षी काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन आज करू, उद्या करू म्हणत त्यांनी टाळलं, पत्र्याची पेटी उघडायची बंद झाली आणि आतली पानंही विसरली गेली. राजदीपला परीक्षेत एक्केचाळीस मिळाले. त्या दिवशी त्याने मला न पुसताच कपाटात कोंबलं आणि मान खाली घालून गेला. पुढे तो पुण्याला राहिला, दुसऱ्याच पुस्तकांवर दोन वर्षं घासला आणि पास झाला. त्या दोन वर्षांत माझ्यावर नुसती धूळ बसली होती.

राजदीप साहेब झाला, तेव्हा विहारासमोर मंडप उभा राहिला. सत्कार त्याचा, पण काकांनी एक हार मलाही घातला. 'याच पुस्तकावर पोरानं अभ्यास केला,' असं त्यांनी माईकवर सांगितलं आणि मला राजदीपच्या हातात दिलं. त्याने सहज मला उघडलं. सत्तेचाळिसाव्या पानावर त्याचा अंगठा थांबला. आपण नापास झालो त्या वर्षीच्या खुणा त्याने ओळखल्या, मित्रांनो. अंगठ्याला घाम आला, तो मला लागला. समोर त्याची आई पदराने डोळे पुसत होती, बाया टाळ्या वाजवत होत्या. त्याने मला मिटलं, खिशातून पेन काढलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'या पुस्तकानेच मला घडवले.' शाईने लिहिलं! मला त्याचा राग आला आणि अजून तो गेलेला नाही. संध्याकाळी काकांनी माझ्यावरचा 'पुसून परत करावे' हा नियम खोडला. त्याच्या खाली अंदाजाने, वाकड्या ओळीत लिहिलं, 'राजदीपच्या खुणा पुसू नये.'

त्यानंतर दीपमाला माझ्याकडे आली. एका खासगी दवाखान्यात ती पेशंटचे नंबर लावायचं काम करी आणि दुपारच्या सुट्टीत अभ्यासिकेत येई. तिची आई तुळसाबाई कापसाच्या वेचणीला जायची आणि आपली पोरगी सरकारी कचेरीत लागणार म्हणून ओळीतल्या सगळ्या बायांना सांगायची. दीपमालासारखं मला कुणी वाचलं नाही. राजदीपच्या खुणा दिसू नयेत म्हणून ती पर्यायांवर कागदाची पट्टी ठेवायची, उतारा तीन-तीनदा वाचायची, अडलेला शब्द तळहातावर लिहायची. मग पट्टी जरा सरकवून आपली खूण करायची. लहानशी खूण, पण टोक रुतवून केलेली. तिच्या हाती पडलं की मला आपण पुस्तक असल्याचं सार्थक वाटे.

माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावर एका नावाड्याचा उतारा आहे. पहिल्याच ओळीत म्हटलंय की तो कधी शाळेत गेला नव्हता. पुढे, बरंच पुढे, त्याच्या आईने त्याला वाचायला शिकवलं असं आहे. एक दिवस नाव सुटायच्या वेळी त्याच्या हातात गावाकडचं पत्र पडतं. तो ते न वाचताच खिशात ठेवतो आणि नाव लोटतो. का ठेवतो, असा प्रश्न आहे. राजदीपने 'ए' वर खूण केली होती, म्हणजे त्याला वाचता येत नव्हतं. दीपमालाने 'सी' वर केली, म्हणजे आधी माणसं पैलतीराला पोचवायची होती. पट्टी काढल्यावर ती थबकली आणि मला घेऊन काकांकडे गेली.

"काका, हे मले बरोबर वाटत नाही. त्याच्या मायनं त्याले वाचाले शिकवलं, असं लिहिलं हाय. त्यानं पत्र वाचलं असतं तं त्याचा हात वल्ह्यावर चालला नसता, म्हणून नाही वाचलं."

काकांनी डोळे बारीक केले. त्यांना अक्षरं दिसत नव्हती, राजदीपची काळी खूण तेवढी दिसत होती.

"राजदीपनं काय केलं हाय?"

"ए."

"मंग ए."

"मी मोबाईलवर बी पाह्यलं काका. ते बी सी दाखवून राह्यलं."

"पोरी, राजदीप साहेब झाला. मोबाईल झाला का साहेब?"

अभ्यासिकेतली सगळी हसली, दीपमालाही हसली. मग तिने खोडरबर घेऊन आपली खूण पुसली. मला ओरडावंसं वाटलं. पण पुस्तकाला तोंड नसतं, नुसती पानं असतात. त्या दिवसापासून जिथे जिथे तिचं उत्तर राजदीपहून वेगळं येई, तिथे ती आपलंच पुसू लागली. शिसं निघून जायचं, टोकाने पडलेली खोबण मात्र माझ्या कागदात राहायची. गंमत अशी की हेच काका दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर मुलांना समजावायचे, कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा आणि मगच माना.

पहिल्या खेपेला दीपमालाला बावन्न मिळाले. दुसऱ्या खेपेला पंचावन्न. तिसरी खेप शेवटची होती, कारण त्यानंतर वय संपत होतं. त्या वर्षी ती दवाखान्यातून धावत यायची आणि राजदीपच्या खुणा पाठ करायची. पट्टी ठेवणं तिने सोडून दिलं होतं.

निकाल तिने अभ्यासिकेतच मोबाईलवर पाहिला. अठ्ठावन्न. तिने मोबाईल पालथा ठेवला. माझ्यावर डोकं टेकून बसली आणि माझी चार पानं ओली झाली. ती पानं वाळल्यावर फुगली, आजही तशीच आहेत. तुळसाबाई दाराशी येऊन उभी राहिली. आत यायचं धाडस तिला झालं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी काकांनी एकदाचं यवतमाळला जाऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. दिसू लागलं तशी त्यांनी घराची आवराआवर काढली आणि पत्र्याच्या पेटीत त्यांना माझी सहा पानं सापडली. दुपारी ते अभ्यासिकेत आले. मला एका बाजूला ठेवलं, ती पानं दुसऱ्या बाजूला आणि पूर्वीसारखं बोट ठेवून तपासू लागले. बोट एकेका प्रश्नावर थांबत गेलं. सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत पोचले आणि पुढे तपासणं त्यांनी थांबवलं. त्यांनी दीपमालाला बोलावून घेतलं.

"पोरी, म्या तुह्या जल्माचं वाटोळं केलं," एवढंच म्हणून त्यांनी ती पानं तिच्यापुढे सरकवली.

दीपमालाने पानं पाहिली. मग मला उचलून खिडकीशी नेलं आणि उजेडात तिरपं धरलं. राजदीपच्या काळ्या खुणांशेजारी तिच्या पुसलेल्या खोबणी दिसू लागल्या. नावाड्याच्या प्रश्नापुढे 'सी'. पुढच्या पानावर 'बी', त्याच्या खाली 'डी'. उत्तरांच्या पानावर तेच होतं. तिने पाचसहा पानं अशी पाहिली आणि मला मिटलं.

"परीक्षेत बी असेच उतारे आलते, काका," ती म्हणाली. "मी आधी माह्या मनानं केलं होतं. मंग वाटलं, राजदीपदादानं काय केलं असतं? अन् बदलून टाकलं."

"किती जागी?"

"चार जागी."

काकांनी हात जोडले. त्यांच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाने तिच्यापुढे हात जोडलेले मला पाहवेनात. पण पुढे ते जे बोलले, ते त्याहून ऐकवेना.

"एक मागतो तुले. हे बाहेर बोलू नको. आपल्या वस्तीतला एकच पोरगा तिथवर गेला हाय. लहान लेकरं त्याचं नाव घेऊन अभ्यासाले बसते."

दीपमालाने ती सहा पानं जुळवून काकांपुढे ठेवली. मग "हाव" म्हणत होकार दिला. टेबलावरचा खोडरबर घेऊन ती खाली बसली आणि पहिल्या पानापासून राजदीपच्या खुणा पुसू लागली. काकांनी अडवलं नाही. पान चुरगळू नये म्हणून ते माझ्या कडा दाबून धरत होते. सगळं पुसून झाल्यावर तिने रबराचा चुरा फुंकून टाकला, चप्पल घातली आणि गेली. काकांनी दाभण आणून माझी सहा पानं मला पुन्हा शिवली. पहिल्या पानावरची राजदीपची ओळ तेवढी राहिली, कारण ती शाईची आहे.

पुढच्याच पौर्णिमेला कुणीतरी मला उघडलं आणि बोभाटा झाला. राजदीपच्या खुणा गेल्या! शेवटी पुस्तक कुणाच्या हातात होतं? दीपमालाच्या. मग काय, नापास झाली म्हणून जळली आणि पुसून टाकल्या, असं सगळ्यांचं ठरलं. हापशावर तुळसाबाईला टोमणे मिळू लागले. बोभाटा झाला तेव्हा काका अभ्यासिकेतच बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं आणि नवा चष्मा काढून पुसत राहिले. मला त्यांची कीव येते आणि चीडही येते. दीपमाला त्यानंतर अभ्यासिकेत आली नाही. अजून दवाखान्यात नंबर लावते, असं मुलांच्या बोलण्यातून कळतं.

आता माझ्याकडे उर्वशी येते. नवीन मुलगी आहे, यंदाच बारावी झाली. परवा तिने नावाड्याचा उतारा वाचला, थोडा विचार केला आणि 'सी' वर पेन्सिल टेकवली. पेन्सिल आपोआप खोबणीत उतरली. तिने चमकून मला तिरपं धरलं, पानामागून पान पाहिलं आणि मागची उत्तरं ताडून पाहिली.

"काका, इथं कोणीतरी आधीच सारं बरोबर केलं होतं. मंग पुसलं काहून? कोण होतं?"

काकांनी तोंड उघडलं. माझं पान न् पान कान होऊन ऐकत होतं.

"जुनं असन काही," ते म्हणाले. "तू तुहं कर."

मित्रांनो, माझ्यासारखी पुस्तकं शेवटी सांगतात की पानं दुमडू नका, थुंकी लावू नका, चहाचा कप ठेवू नका. तेवढं सांभाळाच. पण माझी विनंती निराळी आहे. कधी दारव्ह्याला आलात तर स्टँडवरून आमचा विहार विचारत या. दुपारी उर्वशी खिडकीजवळ बसलेली असते. तिला सांगा की त्या खुणा दीपमालाताईच्या आहेत. मला बोलता येत नाही आणि ज्यांना येतं ते बोलत नाहीत.