मी एकटी आहे, याचा पुरावा

इंग्लंडातल्या आमच्या ग्रिम्सबीत भाड्याची घरं फार झटपट जातात. विशेषतः मी फोनवर असताना.

"तळमजल्याचा फ्लॅट आहे का अजून?"

"आहे ना."

"मला सरकारी भत्ता मिळतो. अपंगत्वाचा. भाडंही त्यातूनच देणार."

मग पलीकडे जरा कीबोर्ड वाजायचा. "अरेरे, आत्ताच गेला बघा."

'भत्तेवाल्यांनी फोन करू नये' असं जाहिरातीत लिहायची आता सोय राहिलेली नाही, म्हणून एजंट तसं लिहीत नाहीत. घर जातं. अशी सतरा घरं गेली. त्यातली पंधरा अजून वेबसाइटवर आहेत, आणि एकाचं तर भाडं उतरलंय. एकदा मी म्हटलं, "कोणाला गेलं तेवढं सांगा, अभिनंदन करते त्यांचं." बाईंनी फोन ठेवला.

मी मेल, अठ्ठावीस वर्षांची. नसांचा आजार आहे, दोन कुबड्यांवर चालते. माझा नवरा क्रेग आणि मी ऑक्टोबरात वेगळे झालो, म्हणजे तो वरच्या मजल्यावर राहिला आणि मी खाली सोफ्यावर आले. घर त्याचं. न्हाणीघर वर. आठवड्यातून दोनदा मी बुडावर बसून, एकेक पायरी मागे सरकत आंघोळीला जायची. जाऊन येईपर्यंत पुन्हा घाम आलेला असायचा.

कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, सांगून पाहिलं. समोरचा माणूस म्हणाला, "पण तुमच्या डोक्यावर छप्पर आहे."

"ते माझ्या आधीच्या नवऱ्याचं आहे."

"पण आहे."

अठरावा फोन उचलला इमोजेन नावाच्या मुलीने. कामावर तिचा तिसराच दिवस होता, त्यामुळे घर कसं घालवायचं ते तिला अजून कोणी शिकवलेलं नव्हतं. तळमजला, उंबऱ्याला पायरी नाही, न्हाणीघर शेजारच्याच खोलीत. "भत्ता चालेल," ती म्हणाली. "फक्त दोन कागद लागतील. नोकरी आणि स्वतःचं घर असलेला जामीनदार. आणि तुम्ही एकट्या आहात, म्हणून तुम्हाला भाड्याचे पैसे मिळणार, असं भत्त्याच्या ऑफिसचं पत्र. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. त्यानंतर घर दुसऱ्या जोडप्याला."

माझी आई कॅरॅव्हानमध्ये राहते. मैत्रिणी सगळ्या भाड्याने राहतात. नोकरी आणि घर दोन्ही असलेली एकच व्यक्ती माझ्या ओळखीत होती, ती म्हणजे जॅनिन. दातांच्या दवाखान्यात नर्स. क्रेगची नवी मैत्रीण.

"कुठे करायची सही?" तिने विचारलं.

"अगं, विचार तरी कर."

"विचार कसला करायचा, मेल? पुढच्या खोलीत तू झोपलेली असताना आम्ही टीव्ही कसा बघायचा? तू गेलीस की मी इथे राहायला येणार आणि माझं घर भाड्याने देणार."

"मग ते मलाच दे की."

"त्याला जिना आहे," जॅनिन म्हणाली. आणि थोडं थांबून, "शिवाय आत्ताच गेलं."

राहिलं पत्र. भत्त्याच्या ऑफिसच्या मते, एका पत्त्यावर राहणारा नवरा आणि राहणारी बायको म्हणजे जोडपं. नसाल तर दाखवा. ते बघायला मंगळवारी मिस्टर ऑलसॉप नावाचे तपासनीस घरी येणार होते.

मी तयारी चोख केली. फ्रिजमध्ये चिकटपट्टी लावून कप्पे वाटले. लोणी दोन, दूध दोन, टॉयलेट रोलही दोन, त्यावर नावं. क्रेगला बजावलं, "माझ्याकडे बघू नकोस, माझ्याशी बोलू नकोस."

"एरवी कुठे बोलतो?"

"तसाच राहा."

मिस्टर ऑलसॉप उंच, पावसाने ओले आणि अतिशय सभ्य होते. त्यांनी विचारलं, एकत्र जेवता का. नाही. कपडे एकत्र धुता का. नाही. फ्रिज उघडला. "हे दूध?"

"वरच्या कप्प्यातलं त्याचं, खालच्यातलं माझं."

त्यांनी लिहून घेतलं. टॉयलेट रोलवरची नावंही लिहून घेतली. मग ते खुर्चीवर बसले, आणि इथे आमचं वाटोळं झालं, कारण घरात कोणी बसलं की क्रेगचा हात आपोआप किटलीकडे जातो. आमच्याकडे सगळ्यांचाच जातो. पाणी तोडायला आलेल्या माणसालाही आम्ही आधी चहा विचारतो.

"चहा घेणार?"

"घेईन," ऑलसॉप म्हणाले.

चहा करायला स्वयंपाकघरात जायचं आणि खोलीत दोन माणसं बसलेली असताना एकच कप घेऊन परत यायचं, हे आमच्या गावात कोणाच्या हातून होत नाही. खुन्याच्या हातूनही होणार नाही. क्रेग तीन कप घेऊन आला. माझा त्याने माझ्यासमोर ठेवला, कान डावीकडे करून, कारण माझा उजवा हात धरत नाही. अर्धाच भरलेला, कारण मी सांडते.

मिस्टर ऑलसॉपनी तो कप बराच वेळ पाहिला. "यांना कसा लागतो ते तुम्ही विचारलं नाहीत."

"त्यात काय विचारायचं? सहा वर्षं करतोय."

"आणि यातलं दूध?"

क्रेगने माझ्याकडे पाहिलं. बघू नको म्हटलेलं नेमकं तेव्हा. "वरच्या कप्प्यातलं," तो म्हणाला.

पेन चालू लागलं. आमच्या अख्ख्या संसाराबद्दल कोणी इतकं आपुलकीने लिहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ते न्हाणीघर शेजारच्या खोलीतून हळूहळू लांब चाललं होतं.

तेवढ्यात कामावरून जॅनिन आली. क्रेगने तिच्यासाठीही कप आणला. तिने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर."

"तू घेतेस ना?"

"मी दातांच्या दवाखान्यात काम करते, क्रेग. पाच महिने सांगतेय."

"चुकून पडली."

"हिचा कप अर्धा भरायचा ते लक्षात राहतं?"

"तिचा हात थरथरतो!"

"मग माझाही थरथरवते. चालेल?"

तिथून भांडत भांडत ते त्याच्या आईच्या वाढदिवसाला गेले, मग व्हिटबीच्या हॉटेलात, मग ओल्या टॉवेलपाशी येऊन बराच वेळ थांबले. मिस्टर ऑलसॉपनी नवं पान उघडलं.

"तुम्ही दोघं असं नेहमी भांडता?"

"रोज," जॅनिन म्हणाली.

"आणि या बाई तेव्हा काय करतात?"

"ही? टीव्हीचा आवाज वाढवते."

ते भराभर लिहीत होते. दारापाशी मला हळूच म्हणाले, "या घरातलं जोडपं कोणतं, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. शुक्रवारी सकाळी तुमच्या ऑनलाइन खात्यावर पत्र येईल."

शुक्रवारी दहा वाजून वीस मिनिटांनी आलं. तुम्ही एकट्या आहात असं आम्ही ठरवलं आहे. मी ते दोनदा वाचलं आणि जॅनिनला फोन लावला. टॉवेलवरूनच तिने मंगळवारी क्रेगला सोडलं होतं आणि तेव्हापासून ती कोणाचा फोन घेत नव्हती. माझा चौथ्यांदा घेतला.

"मेल, मी सही करत होते ती तू तिथून निघावंस म्हणून. आता माझं काय अडलंय? उलट राहा तू तिथेच. होऊ दे त्याची अडचण."

"अडचण माझी होते, जॅनिन."

"होऊ दे म्हणजे, तुला उद्देशून नाही म्हटलं."

"मी आंघोळीला बुडावर बसून चढते. उलटी. तेरा पायऱ्या. तू वर बेडरूममध्ये असायचीस तेव्हा तो आवाज यायचा ना धप् धप्, तो माझा."



"मला वाटायचं पाइप आहेत," ती म्हणाली. "कुठेय ते ऑफिस?"

अपंगांसाठी खास घरं मिळतील अशी पाटी लावलेलं ते ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि त्याला लिफ्ट नव्हती. इमोजेन कागद घेऊन खाली आली. जॅनिनने दवाखान्याच्या कपड्यांतच, गाडीच्या बॉनेटवर ठेवून सह्या केल्या. एका रकान्यात ती अडली.

"अर्जदाराशी नातं. काय लिहू?"

"मैत्रीण?" इमोजेनने सुचवलं.

जॅनिनने माझ्याकडे नीट बघितलं. "नाही, इतकं काही नाही," म्हणाली आणि लिहिलं, 'ओळखीची'. बाराला आठ मिनिटं कमी होती. इमोजेनने किल्ली दिली.

फ्लॅटला ओलीचा वास होता. पडदे नव्हते, खुर्ची नव्हती, दिव्याच्या जागी वायर लोंबत होती. मी पुढच्या खोलीतून न्हाणीघरात गेले. सात पावलं. परत आले. पुन्हा गेले. मग पाय संपले आणि मी भिंतीला टेकून सरळ जमिनीवर बसले.

"अगं, आता उठणार कशी?" जॅनिन म्हणाली.

"घाई काय आहे," मी म्हटलं. "मी इथेच राहते."