कडूबाचं वजन

नातवाचं नाव तानुबाईनं मुद्दाम कडूबा ठेवलं होतं. तिच्या लेकीची, कोकिळेची, आधीची दोन लेकरं गेली, आणि तिसऱ्याच्या बाळंतपणात कोकिळाच गेली. उरलेल्या एवढ्याशा जिवाला गोड नाव ठेवून कोणाच्या डोळ्यावर आणायचं? कडू असलेलं बरं, मरणालाही नको वाटेल. डोणगावात असल्या नावाला कोणी हसत नाही.

मध्यप्रांत-वऱ्हाडचं सरकार नागपुरात बसायचं तेव्हाची गोष्ट. जिल्ह्याच्या बालसंगोपन समितीनं डोणगावात चावडीमागच्या खोलीत दूधकेंद्र काढलं होतं. रोज सकाळी गाईचं दूध उकळायचं आणि आईवेगळ्या, अशक्त लेकरांना पाजायचं. तानुबाई गावची सुईण, म्हणून दाई तिलाच नेमली. कडूबा जगला तो याच दुधावर. घरात ना गाय, ना शेळी. हे दूध बंद पडलं तर ज्वारीच्या पेजेवर तान्हं लेकरू ओढायचं तरी कसं?

मग नागपूरहून प्रतिमाबाई आल्या. आपण करतो त्या कामाचा लेकरांना खरंच फायदा होतो का, हे आपलं आपण कसं तपासायचं, ते दायांना शिकवायला समितीनं त्यांना धाडलं होतं. भली बाई होती हो! जमिनीवर बसायची, तानुबाईच्या हातचा चहा प्यायची. "तानुबाई, डोळ्यांवर जायचं नाही, काट्यावर जायचं," म्हणायची. "लेकरू गुटगुटीत दिसतं हे समिती मानत नाही. वजन वाढलं तर मानते."

आढ्याला काटा टांगला, काट्याला झोळी. तानुबाईला पौंडाचे आकडे वाचायला शिकवले. दर बाजाराच्या दिवशी लेकरू झोळीत घालायचं आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा. प्रतिमाबाई दाराशी बसून लिहून घेणार. स्वतः उठून काटा म्हणून बघायच्या नाहीत. "तुमचं काम तुम्हालाच जोखता आलं पाहिजे," असा त्यांचा हट्ट.

आता सांगा! बायांनी भरलेल्या खोलीत लेकराचं वाढलेलं वजन मोठ्यानं पुकारायचं? आपल्याकडे धडधाकट पोराच्या आईला विचारा, "लेकरू बरं हाय काय वं?" ती म्हणेल, "कायचं बरं बाई, वाळून राह्यलं." पहिल्याच बाजारी वच्छलाबाईनं तोंडाला पदर लावून तानुबाईचा कान गाठला.

"मावशे, लोकाईदेखत माह्या पोरीचं खरं नोको सांगू वं. दीठ लागते."

तानुबाईला ते पटलं. पटणारच की! तिनं आकडा जरा उतरवून पुकारला. मग सगळ्यांचाच उतरवला. लेकरू जितकं बाळसं धरे, तितकी तिला धास्ती जास्त. कडूबाचं भय तर सगळ्यांत मोठं. काटा बारा दाखवायला लागला तरी ती आपली नऊच म्हणत राहिली, आणि वर कानशिलावर बोटं मोडायची.

थंडी सरता सरता समितीचे सेक्रेटरी रमाकांतराव बुलढाण्याहून मोटारीनं आले. दारातच म्हणाले, "डोणगावचं दूध बंद. तिकडे बीबी गावाला आपण थेंब देत नाही, नुसतं वजन करतो, तरी तिथली मुलं वाढली. इथली दूध पिऊन जागच्या जागी. मग दूध जातं कुठं?" आणि त्यांनी तानुबाईकडे बघितलं.

बीबीला काटा एक कंपाउंडर धरायचा. परक्या गावचा गडीमाणूस. त्याला कोणाच्या लेकराच्या दिठीचं काय! काटा दाखवील ते तो बोलायचा.

तानुबाई पुढं झाली. "साहेब, म्या खोटं सांगतलं जी! लेकरं वाढली. दीठ लागू नाही म्हणून म्या कमी सांगतलं. आता तोला ना तुमच्या हातानं!"

प्रतिमाबाईंनी कडूबाला उचलून झोळीत घातलं. काटा बारावर गेला.

"मागच्या बाजारी नऊ, आज बारा?" रमाकांतराव हसले. "काटा इतके दिवस कोणाच्या हातात होता? हिच्याच. लेकरू कोणाचं? हिचंच. दूध चाललं म्हटल्यावर कोणीही म्हणेल, मी खोटं बोलले. हिनं काट्याला काय केलंय ते मला काय ठाऊक?" मोटार धुरळा उडवत निघून गेली.

"तानुबाई, मला एकदा तरी सांगायचं होतंत," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"तुम्ही काऊन नाही उठल्या, बाई? एकदा तरी पाहाचं होतं." दोघींनाही रडू आलं, आणि त्या रडण्याचा कोणाला काडीचा उपयोग नव्हता.

दूध बीबीला गेलं. काटा मात्र डोणगावातच राहिला, कारण ताडून बघायला समितीला आता बिनदुधाचं एक गाव हवं होतं. तानुबाईनं घरोघर वाटी फिरवली. कोणी दिलं, कोणी दार लोटून घेतलं; उन्हाळ्यात गाईच आटलेल्या, कोणाला बोल लावणार? कडूबा पेज ओकायचा. वच्छलाबाईची पोर चैत्रातच गेली.

आता बाजाराच्या दिवशी प्रतिमाबाई काट्याला खेटून उभ्या राहायच्या. कोणी तानुबाईच्या कानाशी लागत नव्हतं. काटा दर बाजारी थोडा खाली यायचा आणि ती दिसेल ते पुकारायची. एका बाजारी तिनं कडूबाला झोळीत ठेवलं. तो रडला नाही, की त्यानं पाय झाडले नाहीत. काटा हलला आणि थांबला. तानुबाई त्या आकड्याकडे बघतच राहिली.

"नऊ," तिनं सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं पुकारलं. आता कोणाची दीठ लागणार होती?

प्रतिमाबाईंनी वाकून काटा पाहिला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या.