ताईसाहेबांच्या बोटांवरच्या पट्ट्या

“ताईसाहेब, तुम्ही मधूनमधून आठ-दहा दिवस गायब होता, आणि परत येता तेव्हा बोटांना पट्ट्याच पट्ट्या! असं का?”

हे विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पिपाणी पैजेला नाही म्हणणाऱ्यातली नव्हती. आवाजामुळे अख्खी शाळा तिला पिपाणीच म्हणायची. प्रकल्पाच्या वहीत तिने मुख्यमंत्री ताईसाहेबांचे चार वर्षांचे फोटो चिकटवले होते. पट्ट्या तिथेच सापडल्या.

शाळेच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्या ताईसाहेबांच्या सचिवांचा चेहरा पांढराफटक पडला. हे सचिव म्हणजे पिपाणीचेच बाबा. ‘गर्दीत हस्तांदोलन करताना दुखापत’ ही बातमी दर वेळी तेच लिहून द्यायचे. आणि निवडणूक नऊ दिवसांवर आलेली!

ताईसाहेबांनी माइक जवळ ओढला.

“मी लाकडाचे चमचे कोरते. एकोणिसाव्या वर्षापासून मला नैराश्याचा आजार आहे. औषधं चालूच असतात, तरी कधीकधी अंथरुणातून उठवत नाही. मग लाकूड घेते. हात थरथरतो, पटाशी सटकते. पण संध्याकाळपर्यंत एक चमचा होतो. वाकडातिकडा, पण होतो.”

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

बाहेर पडताना मागच्या बाकावरच्या अबोल मुलीने पिपाणीची बाही धरली. “माझी आईपण उठत नाही गं. सगळे आळशी म्हणतात. आज घरी जाऊन सांगते, ताईसाहेबांनासुद्धा होतं म्हणून.”

संध्याकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावर एक कागद सरकवला. ‘हा प्रश्न मला विरोधी पक्षाच्या माणसाने शिकवला होता. ताईसाहेबांनी गमतीत उत्तर दिले.’ खाली पिपाणीच्या सहीची जागा रिकामी.

“अहो बाबा, हे धडधडीत खोटं आहे!”

“पक्ष कार्यालयातून आलंय. आठ वाजेपर्यंत पाठवायचंय.”

“आणि ताईसाहेब?”

“त्या म्हणतात, बोलले ते बोलले. पण त्यांचं ऐकतंय कोण? सही गेली नाही तर उद्या माझी खुर्ची गेली.” बाबांचा आवाज चिरकला. “बावीस वर्षं राबलोय गं मी.”

“जिभेला जरा हाड असतं तर!” आई इस्त्री आपटत म्हणाली. मग हळूच, “अहो, पण पोरीच्या नावावर कशाला?”

“मग कुणाच्या नावावर?”

फोन वाजला. बाबांनी उचलला नाही. पावणेआठ झाले होते.

पिपाणीने पेन उचललं. मागच्या बाकावरची ती मुलगी एव्हाना आईच्या उशाशी बसून सगळं सांगत असेल. सकाळी पेपरात ‘गंमत’ वाचून पुन्हा आईला काय सांगणार ती?

तिने पेनाला टोपण लावलं.

“आई, बाबा, मी सही करणार नाही. तुम्हाला राग आला तरी नाही. आणि कुणी विचारलंच, तर पैज लावली होती आणि प्रश्न माझाच होता, असं मी स्वतः सांगणार.”