पाव फेरा

ती गाडी एवढी छोटी होती की तिला सगळे डबी म्हणत. वयाने मात्र ती दादाच्या धाकट्या बहिणीएवढी, म्हणजे एकसष्ट वर्षांची होती. त्या बहिणीलाही घरात अजून छोटीच म्हणत. वडिलांनी जाताना डबी दोघांच्या नावावर ठेवली. भांडण नको म्हणून शनिवारी दादाने तिची देखभाल करायची आणि रविवारी छोटीने ती चालवायची, असं ठरलं. बारा वर्षांत भांडण झालं नाही.

इंजिनाला पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात लागतात. पेट्रोल जास्त झालं की काळा धूर निघतो, कमी झालं की गाडी चढावर धापा टाकते. हे प्रमाण ठरवणारा एक स्क्रू कार्बोरेटरवर असतो, करंगळीच्या नखाएवढा. आवळला की पेट्रोल कमी, सैल केला की जास्त. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

डबी पेट्रोल फार पिते, असं दादाचं मत होतं. म्हणून दर शनिवारी तो स्क्रू गुपचूप पाव फेरा आवळी. डबी उपाशी आहे, असं छोटीचं मत होतं. म्हणून दर रविवारी निघण्याआधी ती तोच स्क्रू गुपचूप पाव फेरा सैल करी. डबी उत्तम चालायची. आपल्याच हातगुणाने, असं दोघंही मानत.

मग दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे अजिबात वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

चार आठवड्यांनी, सोमवारी, डबीची सरकारी तपासणी होती. दादाच्या बायकोने आधीच सांगून ठेवलं होतं, "नापास झाली तर विकायची. मला शेडमध्ये वॉशिंग मशीन ठेवायचंय." छोटी चालवत होती, दादा शेजारी होता, आणि त्याच्या डोळ्यात घालायचे थेंब घेऊन ती स्वतः मागच्या सीटवर बसून आली.

तपासनिसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा पाहिला, मग हाताने धूर बाजूला सारून डबी कुठे आहे ते पाहिलं.

"काकू, ही गाडी आहे की चूल? अर्धा तास देतो. त्यानंतर नापास."

छोटीने बॉनेट उघडलं. "दादा, तूच काहीतरी करून ठेवलंयस."

"मी? महिनाभर मी बुटाची नाडी बांधलेली नाही. मी हात लावत होतो तेव्हा बरी होती."

"हात लावत होतास म्हणजे?"

दादाने काळा चष्मा नीट केला. "दर शनिवारी. पाव फेरा."

"कुठल्या बाजूला?"

"आवळायच्या."

छोटीने स्क्रूवर बोट ठेवलं. "मी रविवारी सैल करते."

"केव्हापासून?"

"पहिल्या रविवारपासून."

"चार रविवार, चार पाव," मागच्या सीटवरून आवाज आला. "एक पूर्ण फेरा झाला. आवळा वन्सं, उशीर होतोय."

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"स्वयंपाकघराची खिडकी शेडकडेच उघडते."

"अगं, पण तुला तर मशीन ठेवायचंय," दादा म्हणाला.

"ठेवायचंय. पण काल रात्री विचार केला. डबी गेली तर शनिवार-रविवार तुम्ही दोघं माझ्या स्वयंपाकघरात बसाल."

दादाला वाकता येईना. छोटीने स्क्रू-ड्रायव्हर लावला. त्या बाजूला तिने तो कधीच फिरवला नव्हता. अर्ध्यावर तिचा हात थांबला.

"दादा, उपाशी मरेल रे ती."

"फिरव."

दादाने चारही पाव मोठ्याने मोजले. डबी पास झाली. तपासनिसाने शिक्का मारला आणि कोंडलेला धूर जावा म्हणून खिडकी उघडली.

पुढच्या शनिवारी सकाळी छोटी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात उभी.

"आज तुझा वार."

"मला अजून वाकता येत नाही."

"म्हणून तर आलेय."

दादा शेजारी ताठ उभा राहिला आणि तिने त्याच्या वतीने पाव फेरा आवळला. "नीट. पूर्ण पाव," तो म्हणाला. रविवारी तिने तो स्वतःच्या वतीने सैल केला आणि फिरायला गेली.

स्क्रूला हातच लावला नाही तर, असा विचार खिडकीतून पाहणाऱ्या वहिनीच्या मनात आला. तिने खिडकी लावून घेतली आणि टेप घेऊन ती बाथरूमचा कोपरा मोजायला गेली.