नमुन्याला कात्री लावायची नाही

मी एक जुनी कापडी बाहुली आहे आणि मित्रांनो, माझ्याशी आजवर एकही मूल खेळलेलं नाही. कुणी माझे केस ओढले नाहीत, कुणी मला कुशीत घेऊन चेंगरलं नाही. दया आली? येऊ द्या. पण माझं खरं दुखणं ते नाही.

मी नमुना होते. मावशीने मला शिवलं ते विकायला नाही, मला बघून बाकीच्या शिवायला. सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेली असायची आणि खाली सतरंजीवर बायका कामाला बसायच्या. कुणी कापड बेतायची, कुणी चिंध्या भरायची, कुणी लोकरीचे केस टाचायची. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि तो काढणार मावशीच. काळ्या दोऱ्याचे दोन डोळे, लाल दोऱ्याचं एवढंसं तोंड. "तोंड निघेपर्यंत ती उशी," असं ती म्हणायची.

कागदाचा साचा त्या घरात नव्हता. मलाच कापडावर आडवी पाडायची आणि भोवती खडू फिरवायचा. माझ्या कडांना तो खडू अजून आहे. घरात कायदा एकच होता: नमुन्याला कात्री लावायची नाही. एकदा चिंध्या भरणारीने माझा लोंबता दोरा छाटायला कात्री उचलली, तशी मावशी कडाडली, "हात आवर! ही बिघडली की पुढच्या सगळ्या बिघडल्या. मग काय तुला टांगू खिळ्याला?" हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली. कायदा मात्र डोक्यात पक्का बसला.

आमचं नाव होतं ते मानेसाठी. कापडी बाहुलीची मान चार दिवसांत लुळी पडते. आमची पडत नसे. का पडत नसे ते एकट्या मावशीला ठाऊक. मान भरायची वेळ आली की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. तिची भाची तिच्या हाताखाली लहानाची मोठी झाली, पण तिलाही मान दाखवली नाही. ती मागे लागली की मावशी म्हणायची, "शिकवीन गं, घाई काय? मी काय एवढ्यात मरते?"

मावशीने मला जन्म दिला, तरी बोलायचं ते बोलणारच. हा कद्रूपणा होता. नुसता कद्रूपणा.

मग बाजारात रबरी बाहुल्या आल्या, बटण दाबलं की रडणाऱ्या. सतरंजीवरच्या बायका एकेक करून दुसऱ्या कामांना लागल्या. आणि एका सकाळी मावशीचं अर्धं अंग गेलं. उजवा हात गेला, वाचा गेली. भाची एकटी उरली. एकच दुकानदार अजून आमच्या बाहुल्या घ्यायचा. त्याने तिची पहिली खेप टेबलावर मांडली, तर सगळ्यांच्या माना छातीवर.

"काय गं, झोपेच्या गोळ्या चारून आणल्यास की काय?" तो म्हणाला. "मावशीसारखी मान जमली तर ये. नाहीतर राहू दे बाई, उगाच दोघांचा वेळ नको."

भाचीने काय काय नाही केलं! कापूस ठासला, काडी घातली, दुहेरी टाके मारले. मान पडायची ती पडायचीच. मावशी खाटेवरून बघत होती. एका दुपारी तिने डाव्या हाताने उशाची कात्री ओढली आणि भाचीच्या मांडीवर टाकली. माझ्याकडे बोट केलं. मग स्वतःच्या मानेवर थापट मारली, पुन्हा माझ्याकडे बोट.

भाचीचा चेहरा उतरला. "नाही गं मावशी, नाही लावत हिला कात्री. तुझी शपथ. मला काय कळत नाही का?" तिने कात्री कपाटावर ठेवली. मावशी खाटेवर मूठ आपटत राहिली, घशातून नुसता घरघराट. ती चिडली असं समजून भाची रडली आणि मला आणखी वरच्या खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, तेव्हा मला ओरडायचं होतं. पण माझं तोंड दोऱ्याचं. ते उघडत नाही.

मावशी गेली. पुढे संग्रहालयातले साहेब आले. मला उलटसुलट करून म्हणाले, "अशी शिवण आता बघायला मिळत नाही. आम्ही हिला जपू. तुमच्या मावशीचं नाव होईल." भाचीला वाटलं, तिथे तरी कुणी कात्री लावणार नाही. तिने मला देऊन टाकलं.

आता मी काचेत आहे. शेजारी पाटी आहे: 'कारागीर अज्ञात'. अज्ञात! साहेब मावशीच्याच खाटेवर बसून चहा प्याले होते. लोक येतात, म्हणतात, "मान बघ कशी ताठ!" आणि पुढे जातात.

भाची अजून येते. पिशवीतून स्वतः शिवलेली बाहुली काढते, काचेला लावते, एकदा तिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. परवा पहारेकरी म्हणाला, "बाई, काचेपासून लांब व्हा."

"लांबच आहे हो दादा," ती म्हणाली. "कधीची."

तुम्हाला शाळेत सांगतात, जुन्या वस्तू जपा. जपा की! पण जपणं म्हणजे नुसतं कुलूप लावणं नव्हे. जिच्या पोटात विद्या आहे ती वस्तू वेळ आली की उसवावी लागते. आणि ज्यांच्या हातात विद्या आहे त्यांना आजच विचारा. 'शिकवीन, घाई काय' म्हणाले तर हटून बसा.

मला कुणी उसवलं नाही, म्हणून मीच सांगते. जुन्या चादरीची लांब पट्टी घ्यायची. कापायची नाही, फाडायची. ओली करून काठीसारखी घट्ट गुंडाळायची, दोऱ्याने आवळायची, उन्हात कडक वाळवायची. तिचं एक टोक डोक्यात, दुसरं थेट कमरेत. मान वेगळी भरायचीच नाही. एवढंच.

काचेपाशी मान पडलेली बाहुली घेऊन उभी असलेली बाई दिसली, तर तिला हे सांगा. आणि हेही सांगा की मावशी रागावली नव्हती. ती कात्री देत होती.